शांतवनची सवय सुटावी म्हणून

बालरविवारची उपासना शेवटाला आली होती. उमरग्याच्या त्या लहानशा चर्चमध्ये पुढे सतरंजीवर मुलं बसली होती, मागे बाकांवर डावीकडे बाया आणि उजवीकडे पुरुष. पाळकसाहेबांनी उपदेश आवरता घेतला आणि मुलांना विचारलं, “आता तुमच्यापैकी कुणाची काही प्रार्थना-विनंती?”

एका मुलाचा कुत्रा आजारी होता. एका मुलीला स्कॉलरशिपच्या परीक्षेत गणिताची भीती वाटत होती. पाळकसाहेबांनी दोन्ही विनंत्या मान डोलावून घेतल्या, आणि मग शारोन उभी राहिली.

तिचा बाप शांतवन उजव्या बाजूला बसला होता. मुलगी उठलेली पाहून त्याची मान आपोआप ताठ झाली. तशी ती आठवडाभर ताठच होती. मागच्या रविवारी पालकांच्या सभेत ‘आजच्या जगात आपली मुलं कशी वाढवावीत’ या विषयावर त्याने चांगलं लांबलचक भाषण केलं होतं. मोबाईल, रील, डीजे, रविवारी सकाळीच ठेवलेले क्लास, वाढदिवसाचे मजल्यावर मजले चढवलेले केक, यांपैकी कशालाही त्याने सोडलं नव्हतं. “जगाचा वारा दारातून येत न्हाय, खिडकीच्या फटीतून येतो. बापानं ध्यान ठेवावं लागतं,” असं तो म्हणाला तेव्हा बायांच्या बाजूने दोन-तीन सुस्कारेही आले होते. आता एवढं ध्यान ठेवलेल्या घरातली मुलगी देवापाशी काय मागते, याकडे त्या बायांचे कान लागले.

“माझ्या बाबांना एक सवय आहे,” शारोन म्हणाली. “ती सुटावी म्हणून प्रार्थना करा.”

शांतवनची मान होती तिथेच राहिली.

“आई ड्यूटीला गेली की त्यांचं सुरू होतं,” शारोन पुढे म्हणाली. चौथीतली मुलगी, संडेस्कूलमध्ये ‘मोठ्यानं आणि स्पष्ट बोलावं’ असं शिकवलेलं, त्यामुळे एकही अक्षर वाया गेलं नाही. “आधी रविवारीच असायचं. आज्जी वारली तेव्हापासून रोज असतंय. एकदा सुरू झालं की थांबतच न्हायीत. मला भूक लागली तरी त्यांना कळत न्हाय.” ती बसणार होती, पण काहीतरी राहिल्यासारखं वाटून पुन्हा सरळ झाली. “अन् नाताळ जवळ आला की लई वाढतं.”

पाळकसाहेब तरुण होते, जालन्याहून नुकतेच बदलून आलेले. ‘कसली सवय’ असं विचारायची त्यांना गरजच वाटली नाही. त्यांनी डोळे मिटले आणि फार कळवळून प्रार्थना केली. तिच्यात बंधन हा शब्द आला, साखळदंड हा शब्द आला, आणि ‘या लेकराच्या अश्रूंकडे पाहा’ असंही आलं. शारोनच्या डोळ्यांत अश्रू नव्हते. ते शांतवनच्या डोळ्यांत यायच्या बेतात होते, कारण आपल्याला नेमकी कसली सवय आहे हे त्याला काही केल्या आठवत नव्हतं.

बाहेर पडताना दारात याकोबराव भेटले. निवृत्त एसटी ड्रायव्हर, दोन वर्षांपूर्वी मुलाकडे उमरग्याला राहायला आलेले, मंडळीतले सगळ्यात वयस्कर. त्यांनी शांतवनचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही. मग हळूच तोंड पुढे करून त्यांनी एक खोल श्वास घेतला.

“रविवारी सकाळी न्हाय ना घेत?” त्यांनी आपुलकीने विचारलं.

“काका, मी घेतच न्हाय.”

“माझा मेव्हणा बी असंच म्हणायचा,” याकोबराव म्हणाले. “पण सुटली त्याची. तुझी बी सुटंल.”

घरी जाताना मार्था दोन पावलं पुढेच चालत राहिली. मार्था म्हणजे शांतवनची बायको. हायवेजवळच्या एका दवाखान्यात ती नर्स होती, आणि वर्षभर तिला दुपारनंतरचीच ड्यूटी होती. शांतवन मोटार रिवाइंडिंगचं दुकान बंद करून घरी येई तोवर ती निघालेली असे. त्यामुळे संध्याकाळी घरात काय सुरू होतं हे तिला ऐकूनसुद्धा माहीत नव्हतं, आणि आज तेच तिला टोचत होतं.

घरी आल्यावर तिने स्वयंपाकघराचा दरवाजा लोटला. “मला एकच सांगा. शारोनच्या समोर करता का?”

“काय?”

“तेच.”

“तेच म्हणजे काय, मार्था?”

“ते तुम्हालाच ठाऊक. मी कुठं घरी असते.” असं म्हणून ती पाण्याच्या टाकीमागे, गव्हाच्या कोठीत आणि शेवटी माळ्यावर बघून आली. माळ्यावर नाताळचा जुना तारा आणि सासूबाईंची ट्रंक होती. बाटली कुठेच नव्हती. बाटली नाही याचा अर्थ ती फार चांगली लपवलेली आहे, असं मार्थाने मनाशी धरलं.

शांतवनने शारोनला जवळ बोलावलं. त्याने आवाज शक्य तितका मऊ केला. “बाळा, तू आज चर्चमध्ये म्हणालीस ते… मी काय करतो गं?”

शारोनने ओठांवर बोट ठेवलं. “त्यावर बोलायचं न्हाय. प्रेमाआज्जींनी सांगितलंय. एकदा देवाला सांगितलं की परत परत बोलायचं न्हाय. बोललं की आपला विश्वास कमी पडला असं होतं.”

प्रेमाबाई संडेस्कूल चालवत आणि महिला मंडळही. उपासना संपल्या संपल्या त्यांनी शारोनला पोटाशी धरून हे सांगितलं होतं. आता शांतवनने काय बोलावं? ‘संडेस्कूलच्या बाईंचा शब्द मुलांनी मोडू नये,’ हे त्याच्या भाषणातलंच वाक्य होतं. त्याने मुकाट्याने भाजी निवडायला घेतली.

सोमवारी दुपारी पाळकसाहेब दुकानावर आले. रिवाइंडिंगच्या दुकानात असतं ते सगळं तिथे होतं. तांब्याच्या तारेची वेटोळी, विहिरीवरच्या उघडून ठेवलेल्या मोटारी, आणि दारातून आत येताच नाकाला झोंबणारा उग्र वास. पाळकसाहेब स्टुलावर बसले. इकडचं तिकडचं विचारताना त्यांची नजर फळीवर गेली. तिथे एक चपटी बाटली होती आणि तिच्यात तांबूस काहीतरी अर्ध्यापर्यंत भरलेलं होतं.

“हे काय?”

“वार्निश. तार गुंडाळून झाली की मोटारीला पाजतो.”

‘पाजतो’ हा शब्द त्या वेळी यायला नको होता. पाळकसाहेबांनी त्याच्याकडे करुणेने पाहिलं. “शांतवनभाऊ, माझ्यापासून लपवा, पण देवापुढे काही लपत नाही.”

“अहो, खरंच वार्निश आहे. वास घेऊन बघा.”

पाळकसाहेबांनी बाटलीचं झाकण काढलं, ती नाकाशी नेली आणि सत्य जाणून घ्यायच्या निश्चयाने छातीभर श्वास ओढला. पुढची काही मिनिटं त्यांना बोलता आलं नाही. डोळे लाल झाले, पाण्याने भरले. शांतवनने त्यांना पाणी दिलं, पाठ चोळली.

“वार्निशच आहे,” शेवटी ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. मग जरा थांबून, “पण बाटली?”

“बाटली भंगारवाल्याकडची.”

“हां,” पाळकसाहेब म्हणाले आणि उठले. उठल्यावर त्यांचं डोकं गरगरलं. दाराची चौकट धरून, डोळे पुसत, एक एक पायरी चाचपत ते खाली उतरले, आणि गाडीला किक मारायच्या भानगडीत न पडता ती ढकलतच घेऊन गेले.

शेजारच्या बी-बियाण्यांच्या दुकानातून शरणबसप्पा हे सगळं बघत होते. शरणबसप्पा आणि शांतवन यांची दुकानं जशी भिंतीला भिंत लागून, तशीच घरंही. शरणबसप्पांची महेश्वरी आणि शारोन एकाच वर्गात होत्या, त्यामुळे रविवारची बातमी रविवारीच भिंत ओलांडून गेली होती. पाळकसाहेब वळणाआड गेल्यावर ते शांतवनच्या दुकानात आले.

“शांतवनप्पा, एक सांगू? रागावू नका. आपण घेतो ते वेगळं. पण देवाच्या माणसाला न्हाय पाजायचं.”

शांतवनच्या हातातली तार सुटली. “अप्पा, त्यांनी वार्निश हुंगलं.”

“व्हय, व्हय,” शरणबसप्पा समजूतदारपणे म्हणाले. “आमच्या मठात चला एकदा. स्वामी डोक्यावर हात ठेवतात, गळ्यात माळ घालतात. आमच्या नागप्पाची चार महिन्यांत सुटली. तुमच्या धर्मात माळ चालत नसली तर नुसता हात ठेवून घेऊ.”

“पण मी पीतच न्हाय.”

“मग तर लवकरच सुटंल,” ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत प्रेमाबाईंना कळलं की शांतवनने पाळकसाहेबांनाही व्यसनात ओढलं. त्यांनी दोघांसाठी प्रार्थना सुरू केली. मंगळवारी मुळजहून एक शेतकरी मोटार घेऊन आला आणि म्हणाला, “सांजच्या आत द्या बरं का भाऊ. सांजंला तुमचं हे असतंय म्हणं.” बुधवारी महिला मंडळाने ठरवलं की नुसत्या प्रार्थनेने हे भागायचं नाही. शनिवारी शांतवनच्याच घरी उपास-प्रार्थना ठेवायची आणि सूर्य मावळायच्या आत काय तो निकाल लावायचा.

या चार दिवसांत शांतवनने स्वतःला पार उलटंपालटं करून पाहिलं. कॉलेजात असताना त्याने विडी ओढली होती, पण ती शारोनला कशी कळणार? चहात दोन चमचे साखर घालून एकच घातली असं तो मार्थाला सांगायचा, ते असेल का? क्रिकेटचा स्कोअर? जेवताना मचमच आवाज? शेवटी त्याने ठरवलं की नेमकं काय ते कळत नाही तर सगळंच सोडावं. त्याने साखर सोडली. मोबाईल कपाटात ठेवला. आणि संध्याकाळी घरी आला की तो भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून नुसता बसू लागला. तोंडच उघडलं नाही म्हणजे चूक होणार नाही.

पहिल्या दिवशी शारोनने तिरक्या नजरेने त्याच्याकडे बघत टीव्ही लावला. तो काही बोलला नाही. तिने आवाज वाढवला. तरी नाही.

“बाबा, मोबाईल घेऊ?”

“घे.”

दुसऱ्या दिवशी महेश्वरी आली. शाळेच्या गॅदरिंगसाठी दोघींनी एका सिनेमाच्या गाण्यावर नाच बसवला होता. याच नाचावरून आठ दिवसांपूर्वी शांतवनने घर डोक्यावर घेतलं होतं. आता त्याच्या नाकासमोर दोघी कमरेवर हात ठेवून गिरक्या घेत होत्या आणि तो समोरच्या कॅलेंडरकडे बघत होता. महेश्वरी गेल्यावर शारोन त्याच्याजवळ आली आणि तिने त्याच्या कपाळाला हात लावला.

“बाबा, बरं वाटतंय ना तुम्हाला?”

“बरं हाय.”

“पोटात दुखतंय का?”

“न्हाय गं.”

तिला काहीतरी विचारायचं होतं, पण प्रेमाआज्जींचा शब्द होता. मग ती आपली आपण ताट वाढून घेऊन जेवली. एवढ्या लहान वयात हिला व्यसन सोडलेल्या माणसाची लक्षणंही माहीत आहेत, या विचाराने शांतवनला भडभडून आलं. घरात कधी नव्हे एवढी शांतता होती. आई असती तर, त्याच्या मनात आलं. आई असेपर्यंत रविवारी संध्याकाळी या भिंतीला टेकून दोघं मायलेक बसायचे आणि आपल्या गावच्या, बेंबळीच्या गोष्टी काढायचे. एकाने सुरू करायची आणि दुसऱ्याने संपवायची. आता सुरू करणाराही तोच आणि संपवणाराही तोच. सध्या तर त्याने तेवढंही थांबवलं होतं.

शनिवारी मार्थाने रजा घेतली. दुपारपासून माणसं जमू लागली. चपला अंगणभर झाल्या. प्रेमाबाई पेटीवाल्याला घेऊन आल्या, याकोबराव डफली घेऊन. शरणबसप्पाही महेश्वरीला घेऊन आले आणि शेजारधर्म म्हणून दाराजवळ मांडी घालून बसले. उपास सोडायला म्हणून कुणीतरी खिचडीचं मोठं पातेलं आणून स्वयंपाकघरात झाकून ठेवलं होतं, आणि सकाळपासून पोटात काही नसलेल्या मंडळीचं निम्मं लक्ष तिकडे होतं.

गीतं झाली. वचन झालं. प्रेमाबाईंची प्रार्थना झाली. ती कुणाच्याही अंदाजापेक्षा बरीच लांबली. मग पाळकसाहेब म्हणाले, “आता शांतवनभाऊंनी मोकळं व्हावं. आम्ही सगळे तुमचेच आहोत.”

शांतवन उभा राहिला. सगळे डोळे त्याच्यावर होते. आठवडाभर तो ‘नाही’ म्हणत आला होता, आणि प्रत्येक ‘नाही’बरोबर त्याची बाटली मोठी होत गेली होती. आजही नाही म्हटलं तर ही माणसं उपाशीपोटी उद्या सकाळपर्यंत बसतील, हे त्याला स्पष्ट दिसलं. एकदा हो म्हणून टाकलं की हात ठेवतील, आमेन म्हणतील, खिचडी खातील आणि घरी जातील. तो दमला होता.

“मंडळीच्या प्रेमापुढं मी हरलो,” तो म्हणाला. “आता काय लपवायचं. होती मला सवय. पण आजपासून बंद.”

मंडळीतून एक लांब उसासा निघाला.

“कधीकधी, का रोज?” प्रेमाबाईंनी विचारलं.

“रोज,” शांतवन म्हणाला. शारोनने चर्चमध्ये तसंच सांगितलं होतं, आणि दोघांच्या बोलण्यात फरक पडायला नको होता.

“देशी का विंग्रजी?” याकोबरावांनी विचारलं.

यातला फरक शांतवनला ठाऊक नव्हता. त्याने मदतीसाठी दाराकडे पाहिलं, पण शरणबसप्पांनी मान खाली घातली होती. “दोन्ही,” तो म्हणाला.

मार्थाने तोंडाला पदर लावला आणि ती हुंदके देऊन रडू लागली. बाया तिच्याभोवती सरकल्या. पाळकसाहेब हात ठेवायला पुढे झाले. तेवढ्यात कोपऱ्यातून शारोनचा आवाज आला.

“बाबा खोटं का सांगतेत?”

सगळे वळले. शारोन उभी होती.

“ते दारू पीत न्हायीत. मी कवा म्हणलं दारू पितेत?”

“अगं पण बाळ,” प्रेमाबाई म्हणाल्या, “तूच म्हणालीस ना, सवय हाय म्हणून?”

शारोनने त्यांच्याकडे पाहिलं. “सांगू का आता? विश्वास कमी पडल्यावाणी होणार न्हाय ना?”

“न्हाय होणार. सांग.”

“‘आमच्या वेळी’ची सवय हाय त्यांना.”

कुणालाच काही कळलं नाही, शांतवनला तर मुळीच नाही.

“म्हणजे मी मोबाईल घेतला की ‘आमच्या वेळी’. भाजी आवडली न्हाय की ‘आमच्या वेळी’. पाऊस आला, लाईट गेली, कायबी झालं तरी ‘आमच्या वेळी’. मग बेंबळीचं चर्च निघतं. मग तिथला कडुलिंब. मग घंटा नव्हती म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. मग आज्जीच्या करंज्या. अन् मग नाताळच्या नाटकात ते मेंढपाळ झाले होते अन् एक अक्षर चुकले न्हायीत, ते.” तिने श्वास घेतला. “मला स्तोत्र पाठ होत न्हाय, पण हे सगळं पाठ झालंय. माझी अन् महेश्वरीची रील तशीच राहती, अन् कुकरच्या शिट्ट्या बी कुणी मोजत न्हाय.”

दाराजवळ शरणबसप्पांच्या खांद्याला हिसके बसू लागले. त्यांनी उपरण्याचं टोक तोंडात कोंबलं. मार्थाने पदर खाली घेतला, नवऱ्याकडे पाहिलं, शारोनकडे पाहिलं, आणि रडता रडताच तिला हसू फुटलं. मग हसू सगळ्या खोलीभर झालं. पेटीवाल्याचा हात पट्ट्यांवर पडून एक विचित्र सूर निघाला. फक्त शांतवन तसाच उभा होता, देशी आणि विंग्रजी दोन्हींचा कबुलीजबाब दिलेला.

“पण आता ती सुटलीया,” शारोन म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. “बुधवारपासून बाबा बोलतच न्हायीत. नुसते कॅलेंडरकडं बघत बसतेत. मला वाटलं न्हवतं देव इतक्या लवकर ऐकतो. घर कसंतरीच वाटतंय.”

यावर हसू हळूहळू विरलं. शांतवन खाली बसला. पाळकसाहेबांना वाटलं की आता आपण काहीतरी बोललं पाहिजे. ते घसा साफ करून म्हणाले, “मिसरच्या गुलामीतून सुटलेल्या इस्राएल लोकांनाही रानात चालताना तिथलेच कांदे आणि काकड्या आठवायच्या. माणसाचा स्वभावच आहे तो. मागचं सगळं गोड वाटतं…”

“थांबा हो साहेब जरा,” याकोबराव मध्येच म्हणाले. त्यांची नजर शांतवनवर खिळली होती. “बेंबळी म्हणाली का पोरगी? तू बेंबळीचा? कुणाचा?”

“मोशे मास्तरांचा.”

“मोशे मास्तरांचा बाळ्या?” याकोबरावांनी डफली बाजूला ठेवली. “अरे, माझी सासुरवाडी बेंबळी. दरसाल नाताळाला आमी तिथंच असायचो. तू तो मेंढपाळ?”

शांतवनच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा रंग आला. “तुम्ही बघितलंय ते नाटक?”

“बघितलंय म्हणजे? त्या नाटकातला येशू बाळ माझाच पोरगा की. पाच महिन्यांचा होता. आता तोच मला सांभाळतोय.” याकोबराव मांडी बदलून सावरून बसले. “एक अक्षर चुकला न्हाय हे खरं हाय, पोरी. तो बोललाच न्हाय तर चुकंल कसा?”

शारोन कोपऱ्यातून निघाली आणि माणसांच्या गुडघ्यांवरून वाट काढत याकोबरावांच्या समोर येऊन बसली. “म्हणजे?”

“म्हणजे ह्याला बापाच्या घोंगडीत गुंडाळून शेकोटीपाशी बसवला होता. थंडी ही अशी. पयलं गीत संपायच्या आतच गडी घोरायला लागला. मग देवदूत आला. देवदूत म्हणजे आमचा थोरला साडू, आवाज लाऊडस्पीकरवाणी. तो ह्याच्या कानाजवळ येऊन वरडला, भिऊ नका. हा जो दचकून उठला, ते थेट किंचाळत घोंगडीसकट पळत सुटला. घोंगडीत अडकून गॅसबत्ती पडली. सगळा अंधार. माझा पोरगा रडाया लागला, मरिया झालेली पोरगी त्याला टाकून आईकडं पळाली.”

“काका, असं काही…” शांतवन म्हणाला.

“मग?” शारोन म्हणाली.

“मग काय, बाळ्या गायब. सगळं गाव धुंडाळाया निघालं. तवा आपलं-परकं कुणी बघत न्हवतं. देवळातलं भजन सोडून माणसं आली, वीरप्पा तेल्यानं दुकानातले टेंभे पेटवून दिले. विहिरीत दोर सोडून बघितलं. तुझी आज्जी रडून रडून बसली होती. शेवटाला एका बाईला कडब्याच्या गंजीतनं एक पाय बाहेर आलेला दिसला. ओढून काढलं तर हा झोपलेला, अन् हातात अर्धी करंजी.”

खोली पुन्हा हसली. स्वयंपाकघरातली खिचडी सगळे विसरले होते. पेटीवाल्याला त्याच्या गावच्या नाटकातलं गाढव आठवलं, आणि त्याच्या शेजारच्याला मिशनच्या दूधपावडरीचा वास. शरणबसप्पा म्हणाले की त्यांच्याकडे जत्रेत नंदी झालेला पोरगा असाच झोपला होता, आणि ते सांगायला त्यांनी मांडी दारापासून आत सरकवली. पाळकसाहेबांनी दोनदा ‘तर आता आपण शेवटची प्रार्थना’ असं म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी पुस्तक मिटलं आणि भिंतीला टेकले.

“मोशे मास्तर रागावले का?” मार्थाने विचारलं. सासऱ्यांना तिने कधी पाहिलं नव्हतं.

“मास्तर? मास्तरांनी ह्याला खांद्यावर घेतलं अन् घरापर्यंत न्यालं. मी बरोबरच होतो, कंदील माझ्याच हातात. सगळ्या रस्त्यानं मास्तर त्या झोपलेल्या पोराला सांगत होते…” याकोबराव हसू आवरायला थांबले. “सांगत होते, आमच्या वेळी मेंढपाळ असे झोपत न्हवते.”

शांतवनला हे नवीन होतं. बापाचा तो खांदा त्याला आठवत होता, घोंगडीचा धुरकट वास आठवत होता. पण त्या रस्त्यावर कुणी काही बोलत होतं, हे त्याला आज कळत होतं. त्याचे डोळे भरले. तरीही आपली बाजू अगदीच पडलेली त्याला बघवेना.

“झोपलो न्हवतो हो काका,” तो म्हणाला. “जरा डोळा लागला होता. अन् त्या वेळी आमच्याकडं…”

“बाबा, गप बसा ना,” शारोन त्याच्याकडे न बघताच म्हणाली आणि याकोबरावांच्या आणखी जवळ सरकली. “त्यांना सांगू द्या.”